वाक्यात उपयोग करा

सौदीतल्या जिझानला येईपर्यंत, जी भाषा मी वर्षानुवर्षं शिकवली ती घरात बोलणारं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं. चिपळूणजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तेही मराठीतून. वाक्प्रचारांचा धडा आला की फळ्यावर डावीकडे वाक्प्रचार, मध्ये अर्थ आणि उजवीकडे वाक्यात उपयोग. गाईडातल्या वाक्यांमध्ये देशासाठी लढणारे सैनिक, पहाटे उठणारे कष्टाळू विद्यार्थी आणि मुलांसाठी झिजणाऱ्या आया असत. मुलं ती वाक्यं पाठ करायची, परीक्षेत जशीच्या तशी उतरवायची आणि मी पूर्ण मार्क द्यायचे. वाक्य कोणाचं, हा प्रश्न आमच्या शाळेत कधी कोणी विचारला नाही.

मग ह्यांना जिझानच्या रिफायनरीत वेल्डिंग इन्स्पेक्टरची नोकरी लागली. तोवर हे एकटेच आखातातल्या कँपांमध्ये राहत आले होते, आणि या वेळी कंपनी कुटुंबाला व्हिसा देत होती. मी कायम नोकरीचा राजीनामा दिला. कायम नोकरी म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. माहेरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र सगळ्यांना हसून सांगितलं, "सुटले बाई एकदाची त्या पेपर तपासण्यातून." ह्यांनाही तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं, की ते खरं की खोटं हे माझं मलाच कळेनासं झालं.

जिझानची हवा आमच्या कोकणासारखीच दमट आहे. बाजारात मासळी मिळते, आंबे मिळतात, रस्त्याच्या कडेला मोगऱ्याचे गजरे मिळतात. घरासारखं वाटायला काही हरकत नव्हती, आणि तरी वाटत नव्हतं. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, अरबीत छापलेलं होतं, की या बाईला काम करायची परवानगी नाही. मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये जाऊ लागली आणि सहा महिन्यांत मला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. एकदा मी तिला म्हटलं, बाहेर 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आहे, छत्री घे. ती म्हणाली, "मम्मी, नोबडी सेज दॅट." कोणीच म्हणत नाही? मग मी इतक्या मुलांकडून ते का घोटून घेतलं?

आमच्या वरच्या मजल्यावर कोलंबियाहून आलेलं कुटुंब राहत होतं. नवरा ह्यांच्याच साइटवर, एका स्पॅनिश कंत्राटदाराकडे पाइपिंग इंजिनियर. त्यांना एक मुलगा. बायको माझ्याहून थोडी लहान, मोठ्याने हसणारी. तिचं इंग्रजी फार तुटकं होतं. मी पूर्वी शिक्षिका होते हे कळल्यावर ती एका सकाळी सरळ खाली आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "प्रोफे, मला शिकव." प्रोफे म्हणजे त्यांच्याकडे बाई. त्या एका शब्दावर मी पाघळले.

तिची अडचण खरी होती. नवऱ्याचं कंत्राट उन्हाळ्यात संपणार होतं. तिकडे तिच्या आईचं डायलिसिस चालू होतं आणि तो खर्च इथल्या पगारातून जायचा. गावातल्या एका इंटरनॅशनल स्कूलला बालवर्गासाठी शिक्षिका हवी होती, स्पॅनिश येणारी असली तर उत्तमच. नोकरी मिळाली तर शाळा तिची कफील, म्हणजे व्हिसाची जामीनदार, होणार, राहायला जागा देणार, आणि नवऱ्याला दुसरं काम शोधायला वेळ मिळणार. नाही मिळाली तर खलास, तिघांनी परत जायचं. मुलाखत इंग्रजीतून होती. शाळेची मुख्याध्यापिका आयर्लंडकडची, आणि तिने म्हणे फोनवर सांगितलं होतं, की व्याकरणाचं मला काही नाही, पण मोकळं बोलणारी बाई हवी.

आता मोकळं बोलणं म्हणजे काय? मला जे समजलं ते असं, की वाक्प्रचार पेरून बोलणं. आमच्याकडे निबंधात चार म्हणी पेरल्या की भाषेवर प्रभुत्व असल्याचे मार्क मिळतात. मी तिला तेच सांगितलं आणि आमचे वर्ग सुरू झाले.

ते दिवस मजेचे होते, आणि गोंधळाचेही. इंग्रजी वाक्प्रचार मी सांगायचा, तिने त्याला स्पॅनिशमधला जोडीदार शोधायचा, आणि तो मला कळावा म्हणून मी मनातल्या मनात मराठीत यायचं. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. ती म्हणाली, आमच्याकडे त्याला खाऊन झालेला पाव म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे डाव्या हातचा मळ. ते ऐकून तिने नाक मुरडलं. मुसळधार पाऊस त्यांच्याकडे घागरींनी पडतो. त्यांच्या घागरी आणि आमचं मुसळ मला समजू शकतं, पण इंग्रजांच्या आभाळातून कुत्री आणि मांजरं का पडावीत, हे मी इतकी वर्षं शिकवूनही तिला सांगू शकले नाही. थट्टा करायची तर इंग्रज माणूस पाय ओढतो आणि स्पॅनिश माणूस केस धरतो. आमच्याकडे पाय ओढणं ही थट्टा नव्हे, ते फार वाईट काम आहे, आणि ते नातेवाईक करतात. हे ऐकून ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

एकदा ती बाजारातून पपई घेऊन आली. ती कापता कापता गंभीरपणे म्हणाली, "प्रोफे, आमच्या देशातला सगळ्यात मोठा नियम सांगते. पपई द्यायची नाही." म्हणजे आपली दुबळी जागा कोणाच्या हाती द्यायची नाही, दिली तर लोक फायदा घेणारच, आणि मग दोष देणाऱ्याचा. मी म्हटलं बरं, आणि पपई खाल्ली.

अडचण आली ती वाक्यात उपयोगाची. मुख्याध्यापिकेसमोर सैनिक आणि कष्टाळू विद्यार्थी काय कामाचे? तिथे ती स्वतःबद्दल बोलणार. तेव्हा मी ठरवलं, की सगळी वाक्यं 'मी'ने सुरू होतील. शाळेपासून दुरावलेली एखादी शिक्षिका काय बोलेल, तशी वाक्यं करायची. तिला म्हटलं तूच कर, तर तिला एकही सुचेना. ती पूर्वी बालवर्गावर होती, पण थोडेच दिवस. मग मीच करायला बसले.

आश्चर्य म्हणजे मला एकाही वाक्याला थांबावं लागलं नाही. कणीक मळता मळता मी सांगायचे आणि ती फोनवर माझा आवाज रेकॉर्ड करायची. 'फिश आउट ऑफ वॉटर': शाळा सोडल्यापासून मी पाण्याबाहेरच्या माशासारखी झाले आहे. 'ब्रेव्ह फेस': घरी सगळ्यांना वाटतं मी सुखात आहे, म्हणून मी हसरा चेहरा ठेवून वावरते. 'बाइट माय टंग': माझ्या मुलाला कोणी चुकीचं शिकवलं की मी जीभ चावून गप्प बसते. मी 'मुलीला' म्हणणार होते, पण तिला मुलगा असल्याने वेळेवर बदललं. 'अंडर माय ब्रेथ': भांडी घासताना अजूनही मी माझ्या जुन्या वर्गाची हजेरी ओठातल्या ओठात घेते.

शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. "हे फार छान आहे, प्रोफे. तू कसं रचलंस?"

"सवय आहे," मी म्हटलं. आणि मला खरोखर तसंच वाटत होतं, की मी रचते आहे.

तिने ती सगळी वाक्यं पाठ केली. वरच्या मजल्यावरून संध्याकाळी माझाच आवाज ऐकू यायचा. मुलाखत झाली, ती धावत खाली आली, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "खाऊन झालेला पाव!" नोकरी मिळाली. शाळा तिची कफील झाली, इकामा बदलला, उन्हाळ्यात जायचं टळलं. मी शिरा केला. मला आनंद झाला होता यात शंका नाही. दुसऱ्या सकाळपासून ती शाळेत जाऊ लागली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल रिकामं पडलं, तेव्हा मात्र मी दिवसभर मुलीवर चिडचिड केली. का, ते मला समजलं नाही.

महिन्याभराने त्या शाळेत पालकांसाठी आणि शिक्षकांच्या घरच्यांसाठी चहापान होतं. तिने आम्हा दोघांनाही बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि मला खडूचा वास येईल असं वाटलं. तिथे खडू नव्हते, पांढरे फळे होते. तरीही मी एका रिकाम्या वर्गाच्या दारात जरा जास्तच वेळ उभी राहिले, आणि ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

मुख्याध्यापिका उंच, पिकल्या केसांची, भरभर बोलणारी बाई होती. तिचं इंग्रजी मला अर्धंच कळत होतं आणि त्यात माझ्या फळ्यावरचा एकही वाक्प्रचार नव्हता. माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून ती आम्हाला म्हणाली, तुम्ही हिचे शेजारी का? फार भाग्यवान आहात. मुलाखतीत हिचं इंग्रजी अडखळत होतं, मी जवळजवळ नकार देणार होते. मग मी विचारलं, तुला शिकवावंसं का वाटतं? तर ही म्हणाली, मी पाण्याबाहेरचा मासा आहे. घरी कोणाला कळू देत नाही. आणि भांडी घासताना अजून जुन्या वर्गाची हजेरी घेते. एवढं बोलून मुख्याध्यापिकेने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "त्या वाक्याला मी तिला नोकरी दिली," ती म्हणाली.

हातातला कप मी जवळच्या टेबलावर ठेवला. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. हे माझ्याकडे बघत होते.

बोलण्याच्या ओघात मीही शिक्षिका होते हे निघालं. मुख्याध्यापिका लगेच म्हणाली, आम्हाला पाचवीच्या वर्गासाठी इंग्रजीची शिक्षिका हवी आहे, रविवारी या ना, बोलू. मी हो म्हटलं की नाही म्हटलं ते मला आठवत नाही. हे म्हणाले, "येईल ती."

निघताना मैत्रिणीने मला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. "तू दिलीस म्हणून घेतली ना मी वाक्यं?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "पाठ कर म्हणालीस, केली. मला कुठे माहीत होतं, की ती..." ती थांबली. मी म्हटलं, काही बिघडलं नाही. आणि खरंच, तिने काय बिघडवलं होतं? दिलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, मी असते तर पूर्ण मार्क दिले असते.

परतताना हे गाडी चालवत होते. मोठ्या चौकाच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "वरच्यांकडे भांडी घासायचं मशीन आहे."

"असेल."

"असेल नाही गो, आहे. पाइप मीच जोडून दिलाय त्याचा." मग म्हणाले, "तू सिंकपाशी पुटपुटतेस ते मला स्तोत्र वाटायचं."

मी खिडकीची काच खाली केली.

"तिला सांगितलंस. मला नाही."

"तिलाही नाही सांगितलं," मी म्हटलं. "वाक्यात उपयोग केला."

"मग सुटले सुटले म्हणत होतीस ते?"

"ते पण वाक्यच होतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हे बिचारे एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने कागदी रुमालांचा डबा शोधत राहिले. आपण या माणसाला इतकी वर्षं फसवत होतो की स्वतःला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. एवढं मात्र त्या गाडीत स्वच्छ कळलं, की मला वर्ग हवा होता. मला उभं राहून शिकवायचं होतं. पोटात भूक लागावी तसं ते लागलेलं होतं.

"रविवारी जा," हे म्हणाले. "आत्ता बोललीस ना, तसं बोल."

"कसं बोलू? ती म्हणेल, हे तर मी ऐकलंय. मग ती विचारेल, कोणी कोणाचं उचललं."

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांच्याही ध्यानात आलं. मी माझं खरं सांगितलं तर ते वरच्या बाईचं खोटं ठरणार होतं, आणि तिचा इकामा, तिचं घर, तिच्या आईचं डायलिसिस त्या खोट्यावर उभं होतं. इकडे आड आणि तिकडे विहीर. "मग खोटं सांग काहीतरी," हे शेवटी म्हणाले. "तुम्हा शिकवणाऱ्यांना काय कठीण?"

रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. मुख्याध्यापिकेने आधी पाच मिनिटं शिकवून दाखवायला सांगितलं, ते छान झालं. माझी पदवी, माझी प्रमाणपत्रं तिला आवडली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि मायेने विचारलं, "तुला पुन्हा का शिकवावंसं वाटतं? शाळेतलं काय आठवतं?"

माझ्या तोंडाशी पहिलं जे आलं, ते तिने ऐकलेलं होतं. दुसरं आलं, तेही तिने ऐकलेलं होतं. माझ्याकडे माझं म्हणून जे होतं ते सगळं आधीच कोणीतरी बोलून गेलं होतं. घड्याळाकडे पाहिलं. आणि मग गाईडातल्या कष्टाळू विद्यार्थ्याने माझ्या तोंडून बोलायला सुरुवात केली. मी मेहनती आहे. मी वेळ पाळते. कर्तव्यात मी 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'. ती मान डोलवत होती. कधी नव्हे ते माझं इंग्रजी बिनचूक येत होतं, आणि प्रत्येक बिनचूक वाक्यागणिक तिचा चेहरा सभ्य होत चालला होता.

आठवड्याने संध्याकाळी मैत्रीण खाली आली. तिने बेल वाजवली नाही, दारावर हळूच थाप मारली. हे ड्युटीवर होते, मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मैत्रिणीचे डोळे सुजलेले होते.

"जागा दुसरीला दिली," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

मी मान हलवली. ते मला माहीत असल्यासारखंच होतं.

"मी विचारलं का म्हणून. ती म्हणाली, तुझ्या मैत्रिणीला इंग्रजी उत्तम येतं, शिकवतेही चांगलं." मग एका दमात बोलली, "पण म्हणाली, तिचं मन त्यात नाही. म्हणाली, तुझ्यासारखी ओढ तिला नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी पहिल्यांदा खाल्ला. मला तिचा राग आला. इतका, की हातातली किसणी खाली ठेवावी लागली. आणि त्याच वेळी तिचे सुजलेले डोळे पुसावेत असंही वाटलं. ही माझी इथली एकुलती एक मैत्रीण होती, आणि माझ्या मनातली ओढ तिच्या नावावर जमा झाली होती. कोणावर चिडायचं? तिने काही चोरलं नव्हतं. मी स्वतःच कणीक मळता मळता तिला एकेक उचलून दिलं होतं, कापलेल्या पपईसारखं.

"मी उद्या तिला सगळं सांगते," ती म्हणाली. "वाक्यं तुझी होती. ती ओढ तुझी आहे. मला तर, प्रोफे, खरं सांगू का, मुलांचा इतका लळाच नाही. मला पगार हवा होता. उद्या कशाला, तिचा नंबर आहे माझ्याकडे. आत्ताच सांगते." आणि तिने पिशवीतून फोन काढला.

मी तिच्या हाताकडे बघत होते. तिने तो फोन केला असता तर पाचवीचा नाही, पण कुठला ना कुठला वर्ग कदाचित मला मिळाला असता. मला तो हवा होता, हे मी लपवत नाही. ते दोन क्षण मी तिला थांबवलं नाही. तिने नंबर शोधला. तिच्या अंगठ्याखाली तिचा इकामा होता, तिचं घर होतं, तिच्या आईचं डायलिसिस होतं.

"ठेव तो," मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही.

"सिट डाउन," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचा नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, भिंतीवर आपटून परत येणारा तो आवाज जिझानमध्ये मी एकदाही काढलेला नव्हता. आतल्या खोलीत मुलीच्या खुर्चीचा चाललेला आवाजसुद्धा थांबला.

ती स्टुलावर बसली. फोन न लावताच मांडीवर, हात फोनवर, नजर माझ्याकडे.